माळवदावरचे दिवस

आमच्या जिल्ह्यात गेलेले दिवस जमिनीत साठतात. एकावर एक बसतात, दबतात, आणि नीट खणलं तर जसे गेले तसे सापडतात. यात विशेष काही नाही. कुठल्या जिल्ह्यात कोळसा निघतो, कुठल्या जिल्ह्यात मँगनीज निघतं, आमच्याकडे दिवस निघतात.

काळ्या रानात मात्र ते टिकत नाहीत. तिथं दरसाल नांगरट होते, थर उलटेपालटे होतात. म्हणून शेतकऱ्याला मागचं साल आठवत नाही आणि तो पुन्हा त्याच उमेदीनं पेरतो. दिवस टिकतात ते पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या राखट मातीत, जिथं पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटल्या, बाळंतपणं झाली, भांडणं झाली. ही माती खणायची, दिवस बाहेर काढायचे आणि त्यांचे अहवाल जिल्हा अभिलेखागारात नेऊन ठेवायचे, हे आमच्या कार्यालयाचं काम आहे.

उघडा पडलेला थर ओला असेपर्यंत तो दिवस डोळ्यांसमोर उभा राहतो. माणसं, बोलणं, फोडणीचा वास, सगळं. माती वाळली की खेळ खलास. फोटो काढला तर त्यात नुसती माती येते. पाणी शिंपडून थर आणखी थोडा वेळ धरता येतो, पण आमच्या जिल्ह्यात पाणी कुठलं? आणि थर वाळला की तो दिवस ज्यांनी ज्यांनी पाहिला त्यांच्या मनातूनही जातो, कायमचा. तो बघायला आल्याचंही त्यांना आठवत नाही. मागं अहवाल तेवढा राहतो.

गडावरच्या लढाईचा दिवस काढला तेव्हा बघायला सगळा तालुका लोटला होता. आता ती लढाई कुणी जिंकली हे तालुक्यात कुणाला सांगता येत नाही, त्यामुळे विजयदिनाला दोन मिरवणुका निघतात. अहवाल आहे, पण तो वाचायला दोन्ही बाजूंचे लोक तयार नाहीत. एका निवृत्त हेडमास्तरांनी हौसेनं स्वतःच्या लग्नाचा दिवस काढून घेतला. ते अधूनमधून अभिलेखागारात येतात, फाईल मागवतात, चष्मा पुसून वाचतात आणि जाताना म्हणतात, "बरं झालं होतं हो लग्न. कुणाचं ते लिहायला हवं होतं." ते लिहिलेलं आहे. आम्ही दरवेळी दाखवतो.

तर, सगळेच बघत बसले तर आपण कुठं आलो, कशासाठी आलो, हे सांगायला कुणी उरत नाही. म्हणून प्रत्येक उत्खननावर एक माणूस पाठ करून बसवतात. बघणारे जे दिसेल ते ओरडून सांगतात, तो लिहून घेतो. या पदाला पाठमोरा लेखनिक म्हणतात आणि ते पद माझ्याकडे आहे. सगळी नोकरी झाली, पण मी एकही दिवस पाहिलेला नाही. बायको म्हणते, घरात तरी तुमचं वेगळं काय चालतं!

कौतिकाबाई जोगदंड चैत्रात आमच्या कार्यालयात आल्या. बरोबर नवरा होता, लिंबाजी. तो दाराशीच पायताण काढून उभा राहिला. बाई मात्र सरळ शिरसाट मॅडमच्या टेबलाशी गेल्या. मॅडम म्हणजे आमच्या उत्खनन अधिकारी. त्यांच्यापुढं भलेभले पुढारी चाचरतात.

"मला येक दिस काडून पायजे," बाई म्हणाल्या.

"कुठला?"

"भुईमुगाचं बी फोडायचा. आमच्याच अंगनातला. सातेगव्हाणला."

मॅडमनी कारण विचारलं. कारण विचारावंच लागतं, कारण लोक वाट्टेल ते काढायला सांगतात. हरवलेली म्हैस कुणी नेली ते बघायचंय, असेही अर्ज येतात.

"माझी लेक हाय त्या दिसात. शेवंता. दिसभर मांडीला मांडी लावून शेंगा फोडत बसली व्हती. फोडायची कमी, खायची जास्त. त्याच पावसाळ्यात गेली, तापानं." बाईंनी पदर नीट केला. "तिचं तोंड आठवत न्हाई बाई. लई आठीवते. केस येतेत, हात येतेत, थोरल्याचा सदरा घालायची त्यो येतोय. तोंड येत न्हाई."

"फोटो नाही?"

"आमाला कुठला वो फोटो तवा. आता डाक्टर म्हनायलेत, डोळ्याचं काई खरं न्हाई. दिसंनासं व्हायच्या आदी येकदा बगायचंय."

मॅडमनी नियम समजावून सांगितला. दिवस दिसेल, पण नंतर तो तुमच्याकडे राहणार नाही. शेंगाही आठवणार नाहीत.

"येकच दिस ना जानार? बाकीचे हायेत की," बाई म्हणाल्या. सौदा रास्त होता. मॅडमनी सही केली.

सातेगव्हाणला आम्ही बाईंच्या अंगणात चुन्यानं चौकोन आखला. घर जुन्या पद्धतीचं, माळवदाचं. मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर जाड मातीचा थर. तिकडं घराच्या डोक्यावर अशी मातीच असते आणि दर मिरगाच्या आधी तिच्यावर पांढरीची नवी माती पसरतात, म्हणजे घर गळत नाही. मी चौकोनाकडे पाठ करून तुळशीपाशी बसलो. लिंबाजी ओट्यावर बसला होता. त्याला काय झालं होतं कोण जाणे, सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता.

पहिले थर सरळ निघाले. थोरला पुण्याला नोकरीला गेला तो दिवस निघाला. मॅडमनी तो बाईंना पाहू दिला नाही, "मावशी, तिकडं तोंड करा," म्हणाल्या. मग खुरपं एकदम सैल मातीत गेलं आणि मॅडमचा आवाज बदलला.

"लिहा. थर कापलेला आहे. खड्डा आहे इथं. आत खापरं, चपलेचा तुकडा, राख. दिवस एकही नाही."

अशा वेळी आमच्याकडे कुणी रागावत नाही. खड्डे असतात. मॅडमनी टेप लावून माप घेतलं आणि वरखालचे थर जुळवून हिशोब केला. जी माती नेली होती ती शेवंता जन्मल्यापासून जाईपर्यंतची होती. आधीचे दिवस जागेवर होते, नंतरचे जागेवर होते. मधली पोरगी तेवढी उचलून नेलेली होती.

"इथली माती कुणी काढली?"

"म्या," लिंबाजी ओट्यावरून म्हणाला.

मी जन्मभर पाठ करून बसलो असलो तरी कान शाबूत आहेत. अंगणात एकाएकी इतकं शांत झालं की शेजारच्या शेळीचं रवंथ ऐकू आलं.

"ती गेल्यावर अंगनात पाय ठिवू वाटंना," तो म्हणाला. "जिथं पाय ठिवावा तिथं ती खेळलेली. लेकरावर पाय पडायलाय असं वाटायचं. म्हनून म्होरल्या मिरगाला माती टाकायची आली तवा हितलीच काडली. वर न्हेली. डोक्यावर ठिवली तिला."

कौतिकाबाईंनी मान वर करून माळवदाकडं पाहिलं असावं, कारण त्यांचा आवाज वेगळ्याच बाजूनं आला. "मला काहून न्हाई सांगितलं वो?"

"तू म्हनलीस, बरं झालं, औंदा माती लवकर टाकली. मग काय सांगू?"

इतकी वर्षं त्या बाई पोरीच्याच खाली स्वयंपाक करत होत्या, निजत होत्या. मला फार वाईट वाटलं. पण अहवालात वाईट वाटल्याला रकाना नाही, म्हणून मी 'माती घरमालकाने माळवदासाठी नेली' एवढंच लिहिलं.

आता प्रश्न असा आला की घराचं छप्पर उत्खननाचं स्थळ ठरतं का. मॅडमनी गाडीत बसून नियमावली चाळली. त्यात ज्याच्यावर माणूस उभा राहू शकतो ती जमीन, अशी व्याख्या होती. लिंबाजी माळवदावर उभा राहून दाखवायला तयार होता. दुसरी अडचण मोठी होती. जागेवरून हललेली माती पुरावा म्हणून धरता येत नाही.

"मला कुठं पुरावा पायजे?" कौतिकाबाई म्हणाल्या. "मला तोंड पायजे."

मॅडमनी नियमावली मिटली. मग त्या बाईंच्या शेजारी खालीच बसल्या. मॅडम खाली बसल्याचं मी प्रथमच ऐकलं, म्हणजे त्यांच्या बांगड्यांचा आवाज खालून आला.

"मावशी, नीट ऐका. अंगणात एक थर म्हणजे एक दिवस होता. एक काढला की एकच गेला असता. वर सगळी माती कालवलेली आहे. किती तरी पन्हाळीतून वाहून गेली असेल. तुमचा शेंगांचा दिवस तेवढा वेगळा काढता येणार नाही. सगळंच उघडावं लागेल. चेहरा सापडेल किंवा नाही सापडणार, पण शेवंता मात्र जाईल. अशी एक मुलगी आपल्याला होती, हेच तुम्हाला ठाऊक राहणार नाही."

बाई खड्ड्यातली खापरं एकावर एक ठेवत होत्या, त्याचा आवाज येत होता.

"माज्यापशी आता हाय काय बाई?" त्या शेवटी म्हणाल्या. "तोंड न्हाई. नुसतं रडू राहिलंय. ते ठिवून काय करू? तोंड दावा आन् ते रडू घिऊन जावा."

मॅडम लिंबाजीकडे वळल्या. कायद्यानं त्याचीही संमती लागत होती. त्यानं उत्तर द्यायच्या ऐवजी मलाच विचारलं, "सायेब, तुमी काहून पाट करून बसता?"

मी सांगितलं. बघणारे विसरतात, म्हणून एकानं न बघता राहायचं असतं.

"मंग मी तुमच्याजवळ बसतो," तो म्हणाला.

"असं कसं वो?" कौतिकाबाई चिडल्या. "तुमाला तरी कुठं आठवतंय तिचं तोंड? चला की वर. दोगं मिळून बगू."

"दोगांनी बगितलं तर ती व्हती असं म्हनायला कोन राहील?"

आमच्या कार्यालयात मोठमोठे विद्वान येऊन गेले, पण पाठमोऱ्या लेखनिकाचं काम इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं. लिंबाजीनं कागदावर अंगठा दिला. मग मला हळूच म्हणाला, "थोरल्याला फोन करून सांगावं लागंल. आईम्होरं तिचं नाव काडू नगंस म्हनून."

माळवदावरची माती कोरडी ठणठणीत होती. कोरड्या थरातून काही दिसत नाही, पाणी हवं. गावाला टँकर आलेला नव्हता. कौतिकाबाईंनी घरातली पिण्याच्या पाण्याची घागर उचलली आणि शिडीनं वर घेऊन गेल्या. घागरीत होतं तेवढंच पाणी, आणि तेवढाच वेळ.

मी आणि लिंबाजी घरात, माळवदाच्या खाली भिंतीला टेकून बसलो. वरून खुरप्यांचा आवाज येत होता. फळ्यांच्या फटींतून बारीक माती गळत होती. मग पाणी शिंपडल्याचा वास आला आणि मॅडम सांगू लागल्या.

"लिहा. शेंगांची टरफलं. एक लहान हात, मूठ मिटलेली."

"तांबडा बैल. हा वेगळ्या दिवसातला असावा."

"आमचाच," लिंबाजी खालून ओरडला. "ती त्याच्या पाठीवर बसायची."

"सदरा. मोठ्या मापाचा, एक गुंडी नाही. आवाज आहे, माणूस नाही. आवाज म्हणतोय, आय, मला बी."

वर कौतिकाबाई हसल्या. रडतील असं मला वाटलं होतं. लिंबाजीनं दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरले.

"पाय. डावा. टाचेला काटा रुतलेला. कुणीतरी सुईनं काढतंय."

"म्याच त्यो," लिंबाजी म्हणाला. पण हे तो मला सांगत होता, वरच्यांना ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

असं बरंच निघत गेलं, सगळं तुटक. वेणी, शेंबूड पुसलेली बाही, पावसात उभी राहिलेली पाठ, गोधडीखाली तापलेलं अंग. ते गोधडीचं मॅडमनी फार भरभर सांगितलं. चेहरा निघत नव्हता. घागरीचा तळ लागल्याचा आवाज आला. लिंबाजीनं तो ओळखला आणि डोळे मिटून घेतले.

मग खुरपी थांबली. मॅडमनी काही सांगितलं नाही. मी लेखणी धरून वाट पाहिली.

"मॅडम, काय लिहू?"

मॅडमच्या जागी बाईंचा आवाज आला. म्हातारीचा आवाज नव्हता तो.

"अगं बया! तू व्हय?"

लिंबाजीनं दचकून वर पाहिलं. त्याच क्षणी फळ्यांमधून ओली माती त्याच्या तोंडावर पडली. त्यानं डोळा चोळायला हात नेला आणि हात तसाच थांबला.

"सायेब," तो कुजबुजला, "दिसायलीय."

मी त्याच्या डोळ्याकडे पाहणार होतो. माणूस आहे मी, इतक्या वर्षांत एकदाही काही पाहिलेलं नव्हतं. पण नियम तो नियम. मी वळून भिंतीकडे तोंड केलं.

"आईवानीच हाय की वो," तो मागून म्हणत होता. "तिला सांगायचे लोक, बापावर गेली म्हनून. न्हाई. आईवानीच हाय."

वर कौतिकाबाई बोलत होत्या. कुठं व्हतीस गं, दूध पिलीस का, हे केस कुणी विंचरले, असं एकामागून एक. उत्तरं आली असतील तर ती खालपर्यंत पोहोचली नाहीत. बोलणं हळूहळू विरळ होत गेलं. चैत्रातलं ऊन. एका प्रश्नाच्या अर्ध्यातच बाई थांबल्या.

थोड्या वेळानं मॅडमनी मला नेहमीचा प्रश्न विचारला. "बिडवे, आपण कुठल्या गावी आहोत?"

"सातेगव्हाण, मॅडम. काम झालंय. खाली या."

चेहऱ्याच्या रकान्यात मी काहीच लिहिलेलं नव्हतं. वरच्या कुणाला विचारण्यात अर्थ नव्हता.

कौतिकाबाई रिकामी घागर घेऊन शिडीवरून उतरल्या. पायरी चाचपावी लागत होती, पण चाल हलकी होती. घरात परकी माणसं पाहून त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

"कोन पावनं म्हनायचे?"

"माळवद बगायला आलेत," लिंबाजी म्हणाला. "गळत व्हतं ना."

"बरं झालं बाई. बसा की, च्या ठिवते. आगं बया, पानी कुठंय च्याला? घागर कुनी सांडली?" त्या स्वतःशीच हसल्या. मग मॅडमना विचारू लागल्या, तुमाला लेकरं किती. मॅडमनी सांगितलं, दोन. "आमाला येकच. पोरगा. पुन्याला असतोय. पोरगी पायजे व्हती, पर न्हाई दिली देवानं." हे त्या अगदी सहज म्हणाल्या, ज्वारी औंदा कमी झाली म्हणावं तसं. मला भिंतीकडे बघत राहावंसं वाटलं.

मग त्यांचं नवऱ्याकडे लक्ष गेलं. "अवो, डोळा काहून लाल झालाय?"

"माती गेलीय."

"चोळू नगा. थांबा." बाईंनी पदराचं टोक तोंडाच्या वाफेनं ऊन केलं आणि त्याची हनुवटी धरून डोळ्याजवळ नेलं. लिंबाजीनं त्यांचा हात धरला.

"राहू दे."

"आवो, खुपत आसंल की."

"खुपू दे."

"माळवदाची माती लई वाईट आसती. डोळा जाईल एकांद्या वक्ती."

"न्हाई जायचा."

त्यानं हात सोडला नाही. डोळ्यातून धार लागली होती आणि तो ती पुसत नव्हता. बाई आमच्याकडे वळल्या आणि त्याच्या वतीनं लाजल्यासारख्या हसल्या. "म्हातारपन. आजकाल कशानं बी डोळ्याला पानी येतंय त्यास्नी."

निघताना लिंबाजी मला गाडीपर्यंत सोडायला आला. त्यानं विचारलं, "वाळली की जाती ना, सायेब?"

"जाते."

"मंग वाळू देत न्हाई," तो म्हणाला आणि घराकडे परत गेला.

निघण्याआधी माळवदावर आम्ही नियमाप्रमाणे दुसरीकडची नवी माती पसरून दिली होती. अहवाल मी दुसऱ्या दिवशी अभिलेखागारात जमा केला. 'स्थळाची सद्यःस्थिती' या रकान्यात असं नमूद आहे: सर्व थर पूर्णपणे काढण्यात आले. एक कण घरमालकाच्या उजव्या डोळ्यात असून तो जागेवर जतन करण्यात येत आहे. कण कोरडा पडू न देण्याची जबाबदारी घरमालकाने स्वखुशीने घेतली आहे.